हर्षालीमार्फत

धाराशिव
५ जानेवारी २०२५

गौरीशंकर,

थोरल्या भावाने पत्राच्या आरंभी आशीर्वाद लिहायचे असतात. ते मी शेवटी लिहीन. हे पत्र पुरे झाल्यावर मनात उरले, तर.

वेळअमावस्येच्या दुसऱ्या दिवशी मी तुला मोबाइलवर सविस्तर संदेश पाठवला होता, विरामचिन्हांसह. त्यावर तू एक अंगठा पाठवलास. आपल्या आजोबांनी जन्मभर अंगठा उमटवला, कारण त्यांना शाळा मिळाली नाही. तुला ती मिळाली होती. म्हणून यापुढे मी कागदावर लिहीन आणि स्पीड पोस्टाने पाठवीन. कागदाला अंगठा दाखवण्याची सोय अजून निघालेली नाही.

वेळअमावस्येच्या पूजेला आपल्या तामलवाडीच्या शेतात काय घडले, ते तुला सांगण्याची खरे तर गरज नसावी, कारण तू तिथेच होतास. पण तू आणि तुझी पत्नी एकमेकांकडे न पाहण्यात इतके गुंतलेले होता, की बाकी काही दिसायला तुम्हाला सवड नव्हती. म्हणून सांगतो.

ज्वारीत पूजेपुरती कडब्याची कोप, खोपटीसारखी, उभारली होती. पूजा वेळेवर झाली. भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील हे सगळे तुझ्या वहिनींनी, महानंदांनी, पहाटे उठून केले होते. भज्जी किंचित घट्ट झाली होती. मी तसे त्यांना सांगितलेही. मग आंबील शिंपडण्याची वेळ आली. आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. पुरुष पुढे चालतो, डहाळीने उभ्या पिकावर आंबील शिंपडतो आणि म्हणतो, “ओलगे ओलगे.” मागून त्याची बायको म्हणते, “सालम पोलगे.” अर्थ अप्पांनाही माहीत नव्हता, परंतु अर्थ माहीत नाही म्हणून त्यांनी एकही वर्ष चुकवले नाही. अप्पा गेल्यापासून ही फेरी मी काढतो आणि दोन्ही भाग मीच म्हणतो, कारण महानंदांना लय नाही. यंदा माझा गुडघा दुखत होता, म्हणून आंबिलीचे मडके तुझ्या हाती दिले. ही माझी चूक.

तू “ओलगे ओलगे” म्हणालास. मागे भुवनेश्वरी ओठ शिवल्यासारखी. तू पुन्हा म्हणालास, जरा मोठ्याने. ती ज्वारीच्या कणसांकडे बघत राहिली. तेव्हा तुमची मुलगी, जिला अजून सहा वर्षेही पुरी झालेली नाहीत, तुझ्या पायांजवळून निघाली आणि धावत आईकडे गेली.

“मम्मी, पप्पा म्हणतेत ओलगे ओलगे.”

“सांग त्यांना, सालम पोलगे.”

पोरगी उलट धावली. “पप्पा, मम्मी म्हणती सालम पोलगे.”

असे अख्ख्या शेताभोवती. ढेकळांतून, चप्पल हातात घेऊन. आपला वाटेकरी बब्रुवान बांधावर उभा होता. तो आधी हसला, मग टोपी काढून डोके खाजवू लागला. म्हणाला, “अण्णा, देवाला बी कळंना झालं असंल, ह्यात म्हनतंय कोन आन् आईकतंय कोन.” मी त्याला गप्प बसवले. पण मी हर्षालीकडे पाहत होतो. ती केवळ शब्द नेत नव्हती. तुझ्याकडून निघताना तिच्या चेहऱ्यावर तुझा तुसडेपणा असे आणि तिकडून परतताना भुवनेश्वरीचे नाक फेंदारणे. इतक्या निष्ठेने काम करणारी माणसे माझ्या करसल्ल्याच्या कार्यालयात मला मिळत नाहीत.

जेवताना पुन्हा तेच.

“हर्षी, पप्पांना विचार, आंबील पाहिजे का.”

“हर्षी, सांग तिला, तहानेनं मरीन पण मागणार न्हाय.”

“मम्मी, पप्पा तहानेनं मरणारेत,” हर्षालीने सांगितले, आणि ती आपला उंडा खाऊ लागली. मुलीने बापाचे मरण जेवणाच्या पंगतीत सांगितले आणि तिचा घास अडला नाही. तुम्ही दोघांनी मात्र हेही ऐकले नाही.

तुमच्या अबोल्याचे कारण मला माहीत आहे. वर्षापूर्वी तिच्या वडिलांच्या मातीला तू उशिरा पोचलास. साखर कारखान्याचा हंगाम होता, ढोकीला तुझ्या दुकानापुढे ट्रॅक्टर खोळंबले होते, कुणाला बेअरिंग पाहिजे होते, कुणाला पट्टा. माती झाल्यावर तिच्या माहेरी, कर्नाटकात आळंदला उतरलास, तेव्हा ती चारचौघांत म्हणाली, “आता कशाला आला?” त्या दिवसापासून तू बोलत नाहीस आणि ती तुझ्याशी बोलत नाही. कारण क्षुल्लक आहे असे मी म्हणत नाही. ज्या माणसाला सासऱ्याच्या मातीपेक्षा बेअरिंग महत्त्वाचे वाटते त्याच्याबद्दल, आणि ज्या बाईला आपल्या दुःखापेक्षा नवऱ्याची फजिती महत्त्वाची वाटते तिच्याबद्दल, माझे जे मत आहे ते मी कागदावर मांडणार नाही. कागद टिकतो.

मुद्दा एवढाच. जूनमध्ये हर्षाली पहिलीत जाईल. ती इथे, माझ्या घरी राहून शाळेत जाईल. तुम्ही दोघे आपापसांत विचार करून कळवा, असे लिहिणार होतो. पण त्यासाठीही तुम्हाला तिलाच मध्ये घालावे लागेल. म्हणून कळवू नका. पाठवा.

शिवलिंग हणमंतप्पा मेंगशेट्टी, बी. कॉम.

आशीर्वाद उरलेले नाहीत.


धाराशिव
२८ जून २०२५

गौरीशंकर,

मुलगी मिळाली. तू तिला गाडीवरून उतरवलेस, पिशवी पायरीवर ठेवलीस आणि घराची पायरी न चढता निघून गेलास. कुरिअरवाला निदान सही घेतो.

काल शाळेतून बोलावणे आले. वर्गशिक्षिका साळुंके बाई म्हणून आहेत. वय फार नाही. वर्गाच्या भिंतीवर कागदी ससे चिकटवलेले, तेही एका रेषेत नाहीत. मला मुलांच्या बाकावर बसायला सांगितले. मी उभा राहिलो.

“सर, हर्षाली खूप हुशार आहे,” त्या म्हणाल्या, “पण ती कुणाशी सरळ बोलतच नाही.”

“म्हणजे?”

“तिला पाणी प्यायला जायचं असलं, तर शेजारच्या मुलीला म्हणते, ‘बाईंना सांग, हर्षालीला पाणी प्यायचंय.’ मी समोर उभी असते, सर. मी म्हटलं, मला सांग ना बाळा. तर तिनं त्या मुलीकडंच बघितलं. त्या मुलीनं मला सांगितल्यावरच ही उठली.”

एवढेच असते तर मी त्याला शिस्त म्हटले असते. पण पुढे ऐक.

त्या वर्गात दोन मुली आहेत. एक आमच्या शेजारची मुक्ता, दुसरी वैदेही. दोघींची बालवाडीपासून मैत्री. हर्षाली त्यांच्या मध्ये बसू लागली. तिने मुक्ताला सांगितले, “वैदेही म्हणती तुझ्याशी कट्टी.” मग वैदेहीला सांगितले, “मुक्ता म्हणती तुझ्याशी कट्टी.” दोघींपैकी कुणीही असे म्हणाले नव्हते. त्यानंतर त्या दोघी एकमेकींशी जे काही बोलायच्या, ते हर्षालीमार्फत. खोडरबर हर्षालीमार्फत, राग हर्षालीमार्फत. बाई म्हणाल्या, “तेवढे दिवस ती इतकी खुशीत होती, सर. डबा संपवायची. गाणं म्हणायची. मला वाटलं, रुळली.” मग एके दिवशी त्या दोघी झोपाळ्यापाशी आपणहून बोलू लागल्या. त्या दिवशी हर्षाली बाकाखाली जाऊन बसली आणि शाळा सुटेपर्यंत बाहेर आली नाही.

घरी आल्यावर मी तिला समोर उभे केले. “खोटे का सांगितलेस?”

ती महानंदांना म्हणाली, “मोठी आई, मोठ्या पप्पांना सांग, त्या दोघी बोलायल्या तर मला कशाला बोलवतील?”

हे वाक्य मी तुझ्यासाठी जसेच्या तसे उतरवले आहे. पुन्हा वाच. भुवनेश्वरीलाही वाचायला दे. म्हणजे टेबलावर ठेव आणि खोलीतून बाहेर जा, तुमची पद्धत असेल तसे.

तुम्ही दोघांनी आपल्या मुलीला आईबाप दिले नाहीत, एक हुद्दा दिला. दोन माणसे बोलत नसली तरच तिला घरात जागा. दोन माणसे बोलू लागली की तिची गरज संपली. हे तिला कुणी शिकवले नाही. ती रोज तुमच्या जेवणाच्या ताटांमधून जात-येत शिकली. मग तिने बाहेर पडून तेच केले, जे तिला येत होते. पहिल्यांदा दोन माणसांत भांडण लावले आणि मग त्यांच्यामधल्या जागेत आपले बस्तान मांडले. माझ्या धंद्यात असे करणारी काही माणसे मी पाहिली आहेत, परंतु त्यांचे दुधाचे दात पडून गेलेले असतात.

माझ्या घरी असा हुद्दा रिकामा नाही. इथे कोणी कोणाशी अबोला धरत नाही. सहा महिने थांब. मुलगी कशी सरळ होते ते दाखवतो.

शिवलिंग मेंगशेट्टी


धाराशिव
३ सप्टेंबर २०२५

गौरीशंकर,

तुझ्याकडून उत्तर नाही. अंगठाही नाही. ही प्रगती समजावी की अधोगती, याचा विचार करतो आहे.

इकडची प्रगती मात्र निःसंशय आहे. हर्षाली आता निरोप नेत नाही. सुरुवातीला ती सवयीने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहायची, माझ्याकडे एकदा, महानंदांकडे एकदा पाहायची, कोण काय सांगतो याची वाट बघत. काही दिवसांनी तिच्या लक्षात आले, की इथे तिची जरुरी नाही. मला काय हवे ते मी स्वतः सांगतो, आणि थोडक्यात सांगतो. महानंदांना मी लग्नापासून ‘तुम्ही’ म्हणतो. या शहरात असे किती नवरे असतील, याची तू चौकशी करून बघ. आमच्या घरात आवाज चढत नाही. चूक झाली तर दाखवली जाते आणि विषय संपतो.

संध्याकाळी ती माझ्या कार्यालयात येऊन शेजारच्या खुर्चीवर बसते. पाय हलवत नाही. परवा एक पक्षकार आला, गबाळा माणूस, कागद एका पिशवीत कोंबून आणलेले. मी ते कागद बाजूला सारले आणि म्हणालो, “राहू द्या. तुम्हाला जमणार नाही.” तो गेल्यावर हर्षालीने पिशवीतून पडलेली टाचणी उचलून टाचण्यांच्या डबीत ठेवली. तिला सांगावे लागले नाही. मला तिचे कौतुक वाटले. तुझ्याबद्दल असे काही लिहिण्याची संधी तू मला कधी दिली नाहीस.

भुवनेश्वरीचा फोन आला होता. फोन मी घेतला.

“भाऊजी, मुलीला द्या.”

“ती अभ्यास करते आहे.”

“पहिलीतली पोर कसला अभ्यास करती हो रात्रंदिवस? दोन शब्द बोलू द्या की.”

“तुमच्या घरातले दोन शब्द काढून टाकायलाच तिला इथे ठेवले आहे.”

मग ती म्हणाली, “आमच्याकडं एक बोलत न्हाय, एक ऐकत न्हाय, कबूल हाय. तुमच्या घरात आवाज न्हाय म्हणता. भाऊजी, मसणवटीत बी आवाज नसतो.” मी उत्तर देण्यापूर्वीच तिने “होगली बिडी” असे म्हणून फोन ठेवला. कानडीत ‘जाऊ द्या’ म्हणायला फारशी विद्वत्ता लागत नसावी.

महानंदा दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “आईचा फोन होता, दिला असता तर काय बिघडलं असतं?” मी म्हणालो, “राहू द्या. तुम्हाला यातले कळत नाही.” विषय तिथेच संपला. बघ, इतके सोपे असते.

आमचा योगीराज पुण्यात बरा आहे. मोठ्या हुद्द्यावर असल्यामुळे त्याला वेळ मिळत नाही. दर रविवारी आईला फोन करतो आणि माझी खुशाली तिच्याकडून घेतो. मागच्या रविवारी महानंदांनी फोन ठेवून मला सांगितले, “योगी म्हणतोय, पप्पांना सांग गुडघ्याला तेल लावा.” तेव्हा हर्षालीने विचारले, “योगीदादा तुमच्याशी कट्टी हाय का?” मी तिला समजावून सांगितले की मोठी माणसे कामात असतात. तिने मान डोलावली. तिची मान डोलावण्याची पद्धत मला आवडली नाही, पण ती ढोकीची आहे. जाईल.

शिवलिंग


धाराशिव
१६ नोव्हेंबर २०२५

गौरीशंकर,

शाळेने पुन्हा बोलावले. या वेळी महानंदांना बरोबर आणा असे त्यांनी सांगितले होते. का ते कळले नाही, तरी नेले.

साळुंके बाईंच्या भिंतीवर आता ससे नव्हते, मासे होते. तेही तिरपेच. बाई म्हणाल्या, “सर, निरोपांचं बंद झालं. आता ती सरळ बोलते.”

“मग?”

“तेच सांगायला बोलावलंय. मुक्ताला बुटाची नाडी बांधता येत नव्हती. हर्षाली म्हणाली, ‘राहू द्या. तुम्हाला जमणार नाही.’ वैदेहीनं चित्र दाखवलं, तर बघायच्या आधीच, ‘राहू द्या.’ आणि असं करते, सर.” बाईंनी हात उचलला आणि दोन बोटे जराशी हलवली, जणू समोरून माशी हाकलावी. “सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणते. पहिलीतल्या मुलांना. आधी मुलं हसली. आता तिच्या बाकावर कुणी बसत नाही. मी हे मासे चिकटवत होते, तर मलाच म्हणाली, ‘राहू द्या बाई, तुम्हाला सरळ चिकटवता येत नाही.’”

मासे तिरपे होते. मी तसे निदर्शनास आणले.

बाईंनी माझ्याकडे नाही, महानंदांकडे पाहिले. “घरी असं कोण बोलतं, मॅडम?”

“घरी असे कोणी बोलत नाही,” मी म्हणालो. “आईबापांकडून आलेले आहे. त्यांच्यात बेबनाव आहे.”

त्यावर तुझ्या वहिनी, ज्या चारचौघांत शब्द काढत नाहीत, त्या बाईंना म्हणाल्या, “तिचे आईबाप एकमेकांशी बोलतच न्हाईत हो. मग हे बोलणं तिथून कसं येईल?”

तर्क चुकीचा नव्हता. स्थळ चुकीचे होते. मी त्यांना परत येताना तसे सांगितले. त्या रिक्षात बाहेर बघत होत्या.

गेल्या महिन्यात हर्षालीचा वाढदिवस झाला. वर्गातल्या सगळ्या मुलींना बोलावले होते. आली एकटी मुक्ता, तीही शेजारी राहते म्हणून आणि तिच्या आईने ढकलली म्हणून. महानंदांनी भरपूर चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. तो दुसऱ्या दिवशीही आम्हीच खात होतो. त्या दोघी अंगणात भातुकली मांडून बसल्या. हर्षाली उपड्या घमेल्यावर माझे वर्तमानपत्र घेऊन बसली. मुक्ताने मातीच्या कपात पाण्याचा चहा आणला. हर्षालीने वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. दोन बोटे हलवली. “ठेवा तिथं. राहू द्या, साखरेचं तुम्हाला कळत नाही.”

मुक्ताने तो चहा वर्तमानपत्रावर ओतला आणि घरी निघून गेली. हर्षाली ओले वर्तमानपत्र धरून तशीच बसून राहिली. मग तिने मुक्ताच्या दाराकडे बघत, अगदी हळू, कुणाला उद्देशून ते कळत नव्हते, म्हटले, “तिला सांग ना, परत ये म्हणावं.” सांगायला तिथे कुणी नव्हते.

हे सगळे महानंदा स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होत्या. चहा ओतला तेव्हा त्या हसल्या. चौकट धरावी लागावी इतक्या हसल्या. मग पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. त्या हसण्यात मला विनोद दिसला नाही.

निष्कर्ष असा, की मुलगी माझ्याकडे उशिरा आली. तुम्ही दोघांनी केलेले नुकसान मला वाटले त्याहून खोल आहे. येत्या वेळअमावस्येला तुम्ही दोघे तामलवाडीला येणारच आहात. त्या वेळी तिला पुढची काही वर्षे माझ्याकडेच ठेवण्याचे पक्के करू. तोपर्यंत एवढा तरी सराव करून या, की एका वाक्यात ‘होय’ म्हणता येईल.

शिवलिंग


धाराशिव
२३ डिसेंबर २०२५

गौरीशंकर,

हर्षालीचे उरलेले कपडे, दप्तर आणि रंगपेटी आज ढोकीच्या एसटीने पाठवली आहेत. शाळेचा दाखला मिळायला वेळ लागेल. तिकडच्या शाळेत तिला कोणत्या बाकावर बसवतात, याची चौकशी तू स्वतः कर. दुकानाचे शटर एक दिवस उशिरा उघडले म्हणून ट्रॅक्टर चालायचे थांबत नाहीत. हे तुला दोन वर्षांपूर्वी कुणी तरी सांगायला हवे होते.

शेतात जे झाले, ते तू या वेळी पाहिलेस. तरीही लिहितो, कारण तुझ्याकडून ते जसे सांगितले जाईल तसे ते घडले नव्हते.

तू मोटरसायकलने आलास, भुवनेश्वरी एसटीने. तू कोपीच्या या बाजूला, ती त्या बाजूला. हर्षाली तुमच्यात गेली नाही. ती माझ्याजवळ, चटईच्या कडेला, पाय न हलवता बसली होती. याचे श्रेय मी घेत होतो.

पूजा झाली. गुडघा बरा होता, म्हणून मडक्यासाठी मी हात पुढे केला. पण मडके महानंदांच्या हातात होते. त्या म्हणाल्या, “यंदा मी शिंपडते. तुम्ही मागून म्हणा.”

अप्पांच्या काळापासून बाई पुढे चाललेली नाही. मी तेवढेच सांगणार होतो. मी म्हणालो, “राहू द्या. तुम्हाला…”

“जमणार नाही, मोठी आई,” हर्षाली म्हणाली.

वाक्य तिने पुरे केले. दोन बोटे उचललेली होती. तिच्या आवाजात राग नव्हता, थट्टाही नव्हती. ज्याला पुढे काहीच विचारायचे नसते, अशा माणसाचा तो आवाज होता. बब्रुवान हसला नाही. या खेपेला तो हसला असता तर बरे झाले असते.

आणि मग भुवनेश्वरीने कोपीच्या त्या बाजूने तुझ्याकडे पाहिले. हर्षालीकडे नाही, तुझ्याकडे. म्हणाली, “ऐकलं का हो?”

तू म्हणालास, “ऐकलं.”

“ही तुमच्या अण्णाची झाली.”

“दिसायलंय की.”

“आपल्याकडं होती तवा पळत तरी होती.”

“घरी न्यायची का?”

“न्यायचीच.”

दोन वर्षांनी तुम्ही दोघे एकमेकांशी बोललात. मध्ये कुणी नव्हते. मी इतक्या जवळ बसलो होतो, की तुमच्या बोलण्याच्या मध्ये मीच आलो असेन. पण तुम्ही माझ्यावरून बोललात, बांधावरून बोलावे तसे. दोन शहाणी माणसे सासऱ्याच्या मातीवरून बोलू शकली नाहीत, मुलीच्या पायाला ढेकळे टोचली तेव्हा बोलू शकली नाहीत. माझी निंदा करायची वेळ आली तेव्हा मात्र तुम्हाला तोंड फुटले. तुमच्या संसाराचा पाया किती भक्कम आहे, हे यावरून कळते. मी तो घालून दिला असे समजा आणि आयुष्यभर ऋणी राहू नका. मला तुमचा सहवास नको आहे.

हर्षाली मात्र घाबरली. तुम्ही बोलू लागलात आणि ती उठून तुमच्या मध्ये येऊन उभी राहिली, एकदा तुझ्याकडे, एकदा आईकडे बघत, पूर्वीसारखी. कुणीच तिला काही सांगेना. तिचा चेहरा बाकाखाली बसलेल्या मुलीसारखा झाला. मला वाटले, आता रडेल. तेव्हा भुवनेश्वरी म्हणाली, “निरोप न्हाय ग बाई आता. नुस्ती ये,” आणि तिने हात पसरले. पोरगी लगेच गेली नाही. तिने माझ्याकडे पाहिले. मी काहीही केले नाही. बोट हलवले नाही. मग ती गेली.

मी हे शेवटचे श्रेय घेतो. देणार नाही म्हटलेस तरी घेतो.

फेरी महानंदांनी काढली. पुढे त्या, मागे बब्रुवानची बायको, मग तुम्ही तिघे. “ओलगे ओलगे” त्यांचा आवाज, “सालम पोलगे” तुमच्या सगळ्यांचा. मी कोपीत बसून ऐकले. लय होती. लग्नाला इतकी वर्षे झाली आणि मी ती कधी ऐकली नव्हती, कारण मी त्यांना कधी म्हणू दिले नव्हते. हे मी वस्तुस्थिती म्हणून नोंदवतो. यातून काही अर्थ काढू नयेस.

तामलवाडीहून परत आल्यापासून घरात आवाज नाही. पूर्वीही नव्हता, पण हा तो नाही. महानंदा जेवण वेळेवर वाढतात. मी काही विचारले तर हो किंवा नाही म्हणतात. काल भज्जीत मीठ कमी होते. मी बोललो नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी बोलणार म्हणून थांबल्या, आणि मी बोललो नाही, हे पाहून आत गेल्या. योगीराजचा रविवारचा फोन आला, तेव्हा त्या म्हणाल्या, “थांब, पप्पांनाच देते.” फोन माझ्या हातात ठेवून बाहेर गेल्या. मी आणि योगीराज, दोघांनाही काय बोलावे ते सुचेना. त्याने गुडघ्याचे विचारले. मी बरा आहे म्हणालो. तेल लावतो, असेही म्हणालो.

हर्षालीची उशी अजून माझ्या खुर्चीशेजारच्या खुर्चीवर आहे. ती पाठवायची राहिली. पुढच्या एसटीने पाठवीन. पाठवीनच असे नाही.

तिला आशीर्वाद. उरले तर तुम्हा दोघांनाही. यंदा थोडे उरले आहेत असे दिसते.

अण्णा

ता. क. तुझ्या वहिनी तुला रोज फोन करतात, हर्षालीची चौकशी करतात, असे कळते. त्या आता पलीकडच्याच खोलीत आहेत. दिवा दिसतो आहे. हे पत्र मिळाल्यावर त्यांच्याशी बोलशील, तेव्हा त्यांना एवढे सांग, की पुढच्या वर्षीचे मडके त्यांनीच घ्यावे. मागून मी म्हणेन. त्यांना जमते, असेही सांग.